झोळी, लाँच आणि आशाताई: दुर्गम गावाचे आरोग्य गावाच्या हाती म्हणजे नेमके काय?

दर पावसाळ्यात सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातून एक छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. बांबूला बांधलेल्या चादरीच्या झोळीत रुग्ण, चिखलाची पायवाट आणि आळीपाळीने खांदा देणारे गावकरी. खालच्या बातमीत रस्त्याची मागणी असते आणि अधिकाऱ्यांनी अहवाल मागवल्याचा उल्लेखही हमखास असतो. रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. मात्र रस्ता झाला की प्रश्न सुटला असे मानले, तर डांबरी रस्त्यावरच्या गावातही सर्पदंशाचा रुग्ण किंवा बाळंतीण दवाखान्याच्या दारापर्यंत का पोचत नाही, याचा उलगडा होत नाही.

या प्रश्नावर ‘लोकाधारित आरोग्यसेवा’ हा उपाय गेली अनेक वर्षे सांगितला जातो. सर्वसाधारण वाचकाला त्यातून एखादे आरोग्य शिबिर किंवा शाळेतल्या मुलांची प्रभातफेरी आठवते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की आरोग्याचे जे काम गावात होऊ शकते ते गावातल्याच प्रशिक्षित माणसाने करायचे, आणि जे काम सरकारी यंत्रणेचे आहे ते नीट होते की नाही हे तपासण्याचा अधिकार गावाकडे असायचा. भाषणांत या व्याख्येचा पहिला भाग येतो आणि दुसरा बहुधा गळतो. या लेखाचा भर दुसऱ्या भागावर अधिक आहे.

## डोकी मोजायची की अंतर?

सरकारी आरोग्यव्यवस्थेची मांडणी लोकसंख्येवर झालेली आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, तर डोंगरी आणि आदिवासी भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३,००० आणि २०,००० असावे, असा निकष आहे. डोंगरी भागाला सवलत दिली आहे हे खरे, परंतु निकष शेवटी डोकीच मोजतो. दोन वाड्यांमधला चढ, ओढा किंवा जलाशय त्याला दिसत नाही.

कोयना धरणामुळे जो शिवसागर जलाशय तयार झाला तो सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरला आहे, आणि त्याच्या पलीकडच्या काठावरच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तापोळ्याला किंवा बामणोलीला यायचे म्हणजे लाँच गाठणे आले. एका गावाच्या पाच-सात वाड्या, त्यांत एखादा धनगरवाडा डोंगराच्या माथ्यावर, आणि सगळ्यांची मिळून लोकसंख्या काही शेकडा. २०,००० माणसे जमवायची तर इथे खोरेच्या खोरे एका केंद्राला जोडावे लागते.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चित्र उलटे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. माण-खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी, जत हे तालुके सपाट असूनही वस्त्या एकमेकींपासून लांब विखुरलेल्या आहेत, आणि दुष्काळात पाण्याचा टँकर हीच आरोग्याची पहिली गरज असते. ‘दुर्गम’ म्हटले की डोंगरच डोळ्यांसमोर येतो, परंतु जतच्या सीमेवरच्या वस्तीतून रात्री गाडी मिळवणे हेही सोपे काम नाही.

## तीन उशीर

वेळेत उपचार मिळाले असते तर वाचला असता, असा मृत्यू कुठे कुठे अडला हे समजून घेण्यासाठी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात ‘तीन उशीर’ ही मांडणी वापरली जाते. ती १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात पुढे आली. पहिला उशीर दवाखान्यात जायचे हे ठरवण्यात होतो, दुसरा तिथे पोचण्यात आणि तिसरा पोचल्यावर उपचार सुरू होण्यात.

मण्याराच्या दंशावरून हे चांगले समजते. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. नागाच्या किंवा घोणसाच्या दंशासारखी सूज किंवा आग बहुतेक वेळा होत नाही, दातांच्या खुणाही सहज सापडत नाहीत. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ येते म्हणून. घरातले म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले असेल. ओवा दिला जातो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. एवढ्यानंतरही कोणी ‘देवर्ष्याकडे नेऊ’ म्हटले तर आणखी दोन तास गेले. हा सगळा पहिला उशीर आहे आणि त्यात रस्त्याचा काहीही दोष नाही. त्यानंतर वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी, जीप शोधणे, लाँचवाल्याला उठवणे हा दुसरा. आणि आरोग्य केंद्रात सर्पविषविरोधी लस संपलेली असेल, डॉक्टर मुक्कामी नसतील किंवा श्वास देण्याची सोय नसल्याने पुढे साताऱ्याला पाठवावे लागले, तर तो तिसरा.

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात गणित आणखी कठोर होते, कारण उपचार न मिळाल्यास साधारण दोन तासांतही बाई दगावू शकते. दोन तासांत तीन उशीर बसवायचे असतील तर त्यांतला एखादा तरी गावातच संपवावा लागतो.

पहिला उशीर जवळजवळ पूर्णपणे गावाच्या हातातला आहे. दुसरा अर्धा गावाच्या आणि अर्धा सरकारच्या. तिसरा सर्वस्वी सरकारचा, पण त्यावर गाव दबाव आणू शकते. लोकाधारित आरोग्यसेवेतले जवळपास प्रत्येक काम या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका उशिरावर बेतलेले असते.

## जामखेड आणि गडचिरोली यांनी काय दाखवले

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावांनी आधी दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितले. ते मान्य करूनच काम पुढे गेले. गावाने निवडलेल्या, बहुतांश निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बाया ग्रामआरोग्यसेविका झाल्या, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकू लागल्या आणि शिकलेले गावात जाऊन सांगू लागल्या. १९७८ च्या अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग हा पाया मानला, त्याच्या आधीच ही वाट महाराष्ट्रात मळली होती.

दुसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळ वजनाने किती भरते, अंग थंड आहे का, दूध ओढते का, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसतात का, हे त्या पाहत आणि गरज पडल्यास औषधही देत. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, ते असे की तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून ही पद्धत बदललेल्या स्वरूपात राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज आशाताई, म्हणजे सरकारी कार्यक्रमातली गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, ती याच कामाची पुढची पायरी आहे.

यातली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे स्टेथोस्कोपशिवाय ओळखायचे कसे? बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचे किंवा छातीवरचे कापड बाजूला करायचे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो धोक्याचा इशारा. ज्या बाईला चाळीसच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करावे? गडचिरोलीत त्यासाठी मण्यांचे एक साधे यंत्र बनवले गेले, ज्यात मणी सरकवत मोजायचे आणि मिनिट संपण्याआधी ठरावीक मणी गाठला की बाळ आजारी समजायचे. वैद्यकीय ज्ञानाचा जो भाग खरोखर गावात उतरवता येतो तो असा सुटा करून काढावा लागतो, आणि हे काम मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करण्याइतकेच बुद्धीचे आहे, असे माझे मत आहे.

## ‘अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती जीव कसा द्यायचा?’

हा आक्षेप रास्त आहे आणि तो डॉक्टरांकडूनच नव्हे, गावकऱ्यांकडूनही येतो. आशा ही छोटी डॉक्टर असते, असा समज त्यामागे असतो. आपल्याकडच्या दूध संस्थेचे उदाहरण घ्या. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध जमा होते, उत्पादकाच्या डोळ्यांसमोर फॅट आणि डिग्री तपासली जाते, वहीत नोंद होते. तिथे कोणी पाश्चरीकरण करत नाही, पेढे-बर्फीही बनवत नाही. ते काम मोठ्या प्रकल्पाचे. पण गावात तपासणी चुकली तर सगळा टँकर बिघडतो, आणि टँकर वेळेवर आला नाही तर गावाने कितीही चोख काम केले तरी दूध नासते. आशा म्हणजे संकलन केंद्र. आरोग्य केंद्र म्हणजे शीतकरणाचा प्रकल्प. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका म्हणजे टँकर. तिन्हींपैकी एकाचे कौतुक करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले तर हाती नासके दूधच येणार.

तिची कामे मोजकी आणि ठरलेली आहेत. धोक्याचे लक्षण ओळखणे, जुलाबाला ओआरएस देणे, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कालवायला शिकवणे, गरोदर बाईची नोंद वेळेत करणे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून पुढे पाठवणे. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त शहाणपण लागते.

असा प्रयोग आधी फसलाही आहे, हे सांगायला हवे. १९७७ मध्ये देशभर ग्रामीण आरोग्यरक्षकांची योजना आली. बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले, निवड गावपुढाऱ्यांच्या मर्जीने झाली, औषधांचा पुरवठा अनियमित राहिला आणि काही वर्षांत योजना नावापुरती उरली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा ही त्याच गावात राहणारी बाई असावी, आणि साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक असावी, असे ठरले, त्यामागे हा अनुभव होता.

## गावाच्या हातात पैसा आणि वही

याच अभियानाने महसुली गावाच्या पातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणली. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा ‘अबंधित निधी’ मिळण्याची तरतूद झाली, म्हणजे असा निधी जो ठरावीक शीर्षाखालीच खर्च करण्याचे बंधन नसते. रक्कम लहान आहे. तरीही रात्री अडलेल्या बाईला नेण्याचे गाडीभाडे द्यायचे, की विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर आणायची, की अंगणवाडीसाठी वजनकाटा घ्यायचा, हे गाव ठरवू शकते, आणि ठरवण्याची सवय दहा हजारांवरच लागते.

अनेक गावांत मात्र समितीची बैठक वहीतच होते. नोंदवही घरोघर फिरते, सह्या होतात, ठराव आधीच लिहिलेला असतो. सदस्य असलेल्या बाईला आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसते. असे गाव लोकाधारित कामाच्या यादीत असते, परंतु तिथे लोकाधारित असे काही घडलेले नसते.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख आणि नियोजनाची प्रक्रिया राबवली गेली, ती या वहीतल्या बैठकीवरचा उतारा होती. गावकरी आरोग्यसेवेला गुण देत: चांगले असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. नर्सताई येतात का, औषधे मिळतात का, बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. मग जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर उघड्यावर, ते पत्रक वाचले जाई. लोक आरडाओरडा करतील आणि कर्मचारी दबून जातील अशी धास्ती होती. कित्येकदा घडले ते वेगळेच: केंद्रातल्या डॉक्टरांच्या ज्या मागण्या वर कोणी ऐकत नव्हते, त्या गावाच्या तोंडून वर गेल्या.

सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू यांनी सुरू केलेल्या ‘संग्राम’ संस्थेचे काम दुर्गम भागातले नसले तरी इथे नोंदवण्याजोगे आहे. एचआयव्ही रोखण्यासाठी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांपर्यंत निरोध पोचवणे हे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी त्या स्त्रियांनीच हाती घेतले, आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना ‘रोगाचे कारण’ मानले जात होते त्याच कार्यक्रम चालवू लागल्या, त्यामुळे पोलिसांचा जाच आणि दवाखान्यातली तुच्छता हेही आरोग्याचेच विषय ठरले. बाहेरून आलेल्या योजनेच्या तक्त्यात हे रकाने सहसा नसतात.

## ‘म्हणजे सरकारने हात झटकायचे आणि गावाने राबायचे?’

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यात तथ्य आहे. श्रमदानाचे आपल्याकडे मोठे कौतुक होते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू झाले ते तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, आणि त्यातून गावे खरोखर झाडली गेली. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली, तीही घामावरच. परंतु गटार काढणे किंवा चर खणणे आणि आजारी माणसाची जबाबदारी घेणे यांत फरक आहे. दुसरे काम बारमाही आहे, रात्री-अपरात्रीचे आहे, आणि ते बहुतेक एका बाईच्या अंगावर पडते.

आशा ‘स्वयंसेविका’ असल्याने तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि राज्य सरकारचे काही मानधन मिळते. बाळाच्या सहाही गृहभेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये, असा मोबदल्याचा हिशेब. २०२३ च्या उत्तरार्धात आणि पुढे २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, त्यानंतर आशांच्या मानधनात राज्य सरकारने ५,००० रुपयांची वाढ केली. ती वाढ योग्यच होती. यंत्रणेच्या पायाशी असलेल्या बाईला ‘सेवाभाव’ शिकवायचा आणि तिच्या वरच्या प्रत्येकाला वेतनश्रेणी द्यायची, याला लोकसहभाग म्हणता येत नाही.

गाव एकटे पडले तर काय होते, हे पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने ८ ऑगस्ट २०१९ रोजी पाहिले. महापुरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी गावातलीच नाव वापरली गेली, ती उलटली आणि माणसे बुडाली. धाडस होते, एकी होती. वेळेवर पुरेशा सुरक्षित बोटी नव्हत्या. त्या गावकऱ्यांनी पुरवायच्या नसतात.

## ‘गावात राजकारण असते’

असते. भावकी असते, गट असतात, सरपंचाची वाडी आणि विरोधकांची वाडी असते. समिती स्थापन केल्याने ते मिटत नाही. उलट नवे पद मिळाले म्हणून कधी वाढते. म्हणून जिथे काम टिकले तिथे सर्वांत दुबळ्या घराला आधी काय मिळणार, हे सुरुवातीलाच ठरवलेले दिसते. जामखेड परिसरात कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या, तेव्हा पाण्यासाठी बाकीच्यांना तिथे यावे लागले. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा धरण बांधले. नदीतल्या वाळूच्या बेसुमार उपशाला विरोध करत, स्वतः मर्यादित वाळू विकून त्यांनी पैसा उभा केला, आणि पाणी वाटताना जमीन किती हे पाहण्याऐवजी भूमिहीनांचाही हक्क धरला. त्या काळी हे अनेकांना भाबडेपणाचे वाटले असणार, पण वाटपाचा प्रश्न धरण भरल्यावर काढला असता तर भांडणच झाले असते.

आरोग्यात याचा अर्थ साधा आहे. आशाताई कुठल्या वाडीची आहे, धनगरवाड्यावर ती किती वेळा जाते, लसीकरणाचे सत्र नेहमी मोठ्या घराच्या ओसरीवरच का भरते, हे प्रश्न बैठकीत विचारता आले पाहिजेत.

## खांदे मुंबईत आहेत

अलीकडचा एक बदल या चर्चेत फारसा येत नाही. पाटण, जावळीतल्या घराघरांतले तरुण मुंबईत माथाडी कामावर किंवा अन्य नोकरीत असतात. गावात उरतात म्हातारी माणसे, बाया आणि काही मुले. झोळी उचलायला खांदे लागतात आणि ते खांदे गणपतीत किंवा यात्रेलाच गावी येतात. आजारही बदलले आहेत. एकेकाळी जुलाब आणि गोवर ही मुख्य भीती होती, आज रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात यांचे रुग्ण वाडीवाडीत आहेत. त्यांना झोळीची गरज वर्षातून एखाद्या वेळी लागते. गोळीची गरज रोज असते. पावसात लाँच बंद पडली आणि रक्तदाबाची गोळी आठ दिवस चुकली, तर माणूस ते अंगावर काढतो, आणि पक्षाघात झाल्यावर त्याची बातमी ‘रस्त्याअभावी मृत्यू’ अशी होते.

त्यामुळे गावाच्या आरोग्याचे नियोजन पावसाआधी व्हायला हवे. १ मे रोजी महाराष्ट्रात ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे, म्हणजे पाऊस यायला महिना-सव्वा महिना असतो. त्या सभेपुढे जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या गरोदर बायांची यादी ठेवता येते आणि कोण कुठे, कोणत्या नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळ, आधीच जाऊन राहील हे ठरवता येते. आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ बांधून हीच सोय केली गेली आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना पावसाळ्यात पुरतील इतक्या गोळ्या आगाऊ देण्याची मागणी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे करता येते. लाँचवाल्याचा आणि जीपवाल्याचा नंबर, रात्रीच्या फेरीचे ठरलेले भाडे आणि ते समितीच्या निधीतून कोण देणार, हे भिंतीवर लिहून ठेवता येते. आणि आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी विचारता येते, की सर्पविषविरोधी लसीच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री त्या देणारे कोण असते. उत्तर आले की ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. पंधरा दिवसांत आले नाही, तर तेही लावावे, तारखेसह.